विचारल्याशिवाय सांगायचं नाही

प्रिय पोरी,

तुझा राजीनामा माझ्या टेबलावर पेपरवेटखाली तसाच पडून आहे. त्यावर मी सही केलेली नाही आणि करणारही नाही. तू फोन उचलत नाहीस, दार उघडत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचं तर खुशाल फाड, पण वाचून फाड.

दादाला जाऊन आज सोळा दिवस झाले. काल त्याचं घर आवरायला गेले, तर कोटाच्या खिशात माझ्याच अक्षरातली पुठ्ठ्याची कार्डं सापडली. तिथंच खुर्चीत बसून पोटभर रडले. किरकोळ दुखणी कशी तपासायची ते तुम्हा नर्सना शिकवायला मला खोटा पेशंट लागायचा, आणि टपाल खात्यातून निवृत्त झालेला माझा भाऊ घरी माश्या मारत बसलेला. कार्डावर वर दिसणारं दुखणं, खाली लपवलेलं. नियम माझाच होता: विचारल्याशिवाय सांगायचं नाही, प्रश्न नर्सच्या तोंडून आलाच पाहिजे. काय नाटकी माणूस गं! घोटा मुरगळला म्हणून असा विव्हळायचा की शेजारच्या वर्गातले डोकावून जायचे. पहिल्या दिवशी तू घाबरून त्याच्या भलत्याच पायाला पट्टी बांधलीस, तर पठ्ठ्या ती तशीच मिरवत घरी गेला. तुझ्या वर्गात हलक्या हाताची ही एकच, असं मला नेहमी ऐकवायचा.

त्या मंगळवारी तो खराखुरा पेशंट होऊन तुझ्यापुढे बसला. तू लिहिलेला त्याचा केसपेपर मी शंभरदा वाचलाय. घोट्याची सूज पाहिलीस, बोटं हलवून घेतलीस, एक्स-रे काढून घेतलास, हाड शाबूत होतं. कुठे पडलात, तर जिन्यात, हेही लिहिलंस. कशामुळे पडलात, एवढंच राहिलं. बाहेर चाळीस माणसं ताटकळत होती, मला ठाऊक आहे. पण त्याच्या खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने मला नंतर सांगितलं की तो पाय घसरून पडलाच नव्हता, उभ्या उभ्या शुद्ध हरपून कोसळला होता. हे कळलं असतं तर तू त्याला घरी सोडलंच नसतंस. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांना दार फोडावं लागलं. हृदयाचे ठोके चुकत होते म्हणे. चूक ती चूक, पोरी. तुझी समजूत काढायला मी खोटं बोलणार नाही.

आता जे मी कोणालाच सांगितलेलं नाही, ते तुला सांगते. त्या संध्याकाळी दादाचा मला फोन आला होता. हसत म्हणाला, तुझी पोरगी पास, पण एक प्रश्न विसरली हं. विचारते का बघत मी गप्प बसलो होतो. मार्क कापू नकोस, बिचारीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. एकतीस वर्षं मी तोच प्रश्न वर्गात घोकून घेतेय. कोणता राहिला ते मला लगेच कळायला हवं होतं. आणि मी काय विचारलं? पट्टी नीट बांधलीय ना? झकास, म्हणाला. फोन मात्र ठेवेना. माझ्यापुढे पेपरांचा गठ्ठा होता. उद्या येते म्हटलं आणि फोन ठेवला. माझा दादा माझ्याही प्रश्नाची वाट बघत होता गं, आणि मी विचारलं नाही.

येत्या गुरुवारी अकरा वाजता चौकशी आहे. कागद तुझ्या एकटीच्या नावाने निघालाय आणि मला फक्त तुझ्या प्रशिक्षणाबद्दल बोलायला बोलावलंय. त्या फोनबद्दल मला कोणी विचारणार नाही, कारण तो झाला हेच कोणाला माहीत नाही. तू ये. माझ्या शेजारच्या खुर्चीत बस. त्यांनी विचारल्याशिवायच मी सांगणार आहे.

तुझीच,
बाई