चांदणीची पाठ आणि माझी

घिवली,
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप तात्यांना बळवंतचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे रिवाज म्हणून लिहिलेलं नाही. मी खरोखरच पालथा पडून, उशीवर वही ठेवून लिहितो आहे. कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? मनोरला हायवेची धूळ बघता तो थांबणं कठीणच, तरी विचारतो. इकडे तुमची बहीण दमयंती खुशाल आहे, म्हणजे माझ्यावर रोज दोनदा रागावते. चिकू बरा लागला आहे. तुमची चांदणी माझ्यापेक्षा चार घास जास्तच खाते. हे सगळं फोनवर सांगणार होतो, पण घोडीचं नाव काढलं की तुमच्याकडची रेंज जाते, म्हणून पत्र.

तुम्ही फक्त घोडीच्या चाऱ्याचं कळवायला सांगितलं होतं. चारा ठीक आहे. आता बाकीचं कळवतो. गेल्या मोसमात चांदणीने वरातीतले दोन नवरदेव पाडले, त्यातला दुसरा तर मुंडावळ्यांसकट बँडवाल्यांच्या ढोलावर जाऊन पडला (ढोल फुटला, नवरदेव वाचला), तेव्हा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात तिला विकायचं तुम्ही ठरवलंत आणि तोवर चरायला माझ्या वाडीत सोडलीत. तुमची जागृती बोईसरच्या कंपनीत लॅबमध्ये कामाला, तीही आमच्याकडेच राहते, म्हणून तुम्ही सक्त ताकीद दिलीत की तिने चारा घालावा, पाणी पाजावं, पण दोरीला हात लावू नये, ते मुलींचं काम नाही. तात्या, ही ताकीद आम्ही एक दिवस पाळली. (खरं तर अर्धा. त्या दिवशी तिची सेकंड शिफ्ट होती.) पुण्यात तीन महिने घोड्यांचं शिकून आलेली पोर आणि समोर घोडी, आणि मधे कोण, तर मी. माझं कधी कोणी ऐकलं आहे?

पहिल्यांदा उपचार मीच केले. चांदणीची पाठ मधोमध खचलेली दिसायची, म्हणून मी तीन दिवस खोबरेल तेल चोळलं. घोडी चकचकीत झाली, पाठ होती तिथेच. जागृती हसली नाही. (तुमच्यावर गेली आहे. हसायचं असलं की गप्प बसते.) तिने लांब दोरी बांधून घोडीला आपल्याभोवती गोल फिरवायला सुरुवात केली. चांदणी मान वर ताणून, डोळे फिरवत, खुर आपटत चालायची. एवढ्यात आमची मासळीवाली चंद्रकांता दारात आली. माहेर दातिवऱ्याचं, तीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन हिंडलेली बाई. कुंपणाशी उभी राहून तिने घोडीकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "हिची पाठ पडली नाय, हिचं पोट ढिलं हाय. आमी पाटी उचलतो तवा पयले पोट आत घेतो, मंग मान सोडतो. मान ताटली का पाठ गेलीच." जागृतीने दोरी सोडून चंद्रकांताला मिठीच मारली. पुण्यात फळ्यावर चित्रं काढून तीन महिने हेच शिकवलं होतं म्हणे.

आणि खरंच तसं आहे, तात्या. तुम्ही चाळीस वर्षं घोड्या बाळगल्यात, तुम्हाला मी काय सांगणार, पण मी बघितलं ते सांगतो. घोडीने मान वर केली की पाठ खाली जाते, आणि त्या खचलेल्या पाठीवर दीड मणाचा नवरदेव बसला की तिला दुखतं. दुखलं की ती पाडते. खोड नाही ती. जागृती तिला ओढत नाही, मारत नाही. नुसती चालवते, वळवते, थांबवते, आणि एक लांब श्वास सोडते. दहाव्या-बाराव्या दिवशी चांदणीने मान पुढे नि खाली सोडली, मागचे पाय पोटाखाली खोल टाकू लागली, पोट आत गेलं आणि पाठ वर आली. "काका, हात ठेवा," असं म्हणून जागृतीने मला बरोबर चालायला लावलं. मी तळहात ठेवला. कातड्याखाली डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, सगळी पाठ सावकाश हलत होती. भरतीच्या पाण्यावर बांधलेली होडी हलते ना, तशी. शेपूटसुद्धा त्याच तालात. मी वाडीवाला माणूस, झाडं हलत नाहीत याचंच मला समाधान. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (दमयंती म्हणते तेलकट हात डोळ्याला लागला असेल. तिला विचारू नका.)

इथे थांबलो असतो तर आज पाठीवर निजलो असतो. पण मला शिकवायची हौस आली. मागल्या आठवड्यात जागृती शिफ्टला गेलेली, आणि किनाऱ्यावर चंद्रकांताचे बोंबील वलांडीवर वाळत घातलेले, म्हणजे बांबू रोवून ताणलेल्या दोऱ्यांवर. मी म्हटलं, या दोऱ्यांखालून घोडी नेली तर मान आपोआप खाली राहील. बुद्धी कशी चालते बघा! आणि गेली हो ती, मान खाली, पाठ वर, अगदी झकास. आनंदाच्या भरात मी "वा रे वा!" म्हणून टाळी वाजवली. चांदणीने मान वर केली. अख्खी दोरी तिच्या गळ्यात, बांबू मागे, आणि ती बोंबलांचा हार घालून किनाऱ्याने सुटली. तिची दोरी धरलेला मीही वाळूतून तिच्यामागे, आधी पायांवर, मग पोटावर. आमच्या मागे घिवलीची सगळी कुत्री, वर कावळे आणि सर्वांत मागे चंद्रकांता, पत्र्याचा डबा बडवत. कुत्री हाकलायला बडवत होती असं ती म्हणते. तोंडाने मात्र माझंच नाव घेत होती. पोरं, बाया, सगळी डबे घेऊन धावली. तुमच्या बँडचा आवाज याच्यापुढे काहीच नाही.

तेवढ्यात जागृती स्कूटरवरून आली. मी ओरडलो, "धर तिला!" तिने धरलं नाही. चालत पुढे गेली, चांदणीच्या खांद्याशी उभी राहिली आणि लांब श्वास सोडला. घोडी थरथरत होती. मग हळूहळू मान खाली आली, पाठ वर आली, आणि त्या सगळ्या कल्लोळात ती जागृतीच्या पावलाला पाऊल लावून चालू लागली. सगळे डबे एकदम बंद झाले. चंद्रकांता शिव्या विसरून म्हणाली, "ही पोरगी कोनाची गं?" मी वाळूत पडल्या पडल्या अभिमानाने तुमचं नाव सांगितलं. माझी कंबर मात्र तिथेच राहिली. आता जागृती मलाही रोज चटईवर रांगतं करून पोट आत घ्यायला, पाठ वर उचलायला लावते. चांदणी कुंपणावरून बघत असते. तिची प्रगती जास्त आहे.

असो. घोडी तुमची, मुलगी तुमची, शब्दही तुमचाच अखेरचा. ठरल्याप्रमाणे बुधवारी टेम्पो पाठवावा. वहिनींना नमस्कार.

आपला,
बळवंत

ता. क. चंद्रकांताने बोंबलांची भरपाई म्हणून तिच्या मुलाच्या, सुजीतच्या वरातीला चांदणी मागितली होती. तुम्हाला विचारायला फोन केला, रेंज गेली. काल वरात झाली. दोन तास बँड, फटाके, वर डीजे. लगाम जागृतीच्या हातात होता. नवरदेव पडला नाही, उलट उतरायलाच तयार नव्हता, नवरीने हात धरून उतरवला.

दुसरा ता. क. टेम्पो पाठवू नका.

तिसरा ता. क. जागृतीला या पत्राचं माहीत नाही. लिहिलं तरी बाबा वाचणार नाहीत असं ती नेहमी म्हणते. काल वरात परतल्यावर चांदणीला खरारा करताना मी तिला विचारलं, हे वेड तुला लागलं कुठून? म्हणाली, "मी सहा वर्षांची होते. बाबांनीच माझा हात धरून घोडीच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाले, बघ, कशी हलते." तात्या, बुधवारी टेम्पोऐवजी तुम्हीच या. तोंडाने काही बोलू नका, ते तुम्हाला जमत नाही. चांदणीच्या पाठीवर हात ठेवा, आणि मग पोरीच्या.