रविवारी कोण बसणार?

सुरुबंदर,
दि. ३ डिसेंबर २०२४

ती. इंदूआत्यास,
राहीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन केला की तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि तू मला मनालीच समजून अभ्यासाचं विचारतेस. म्हणून हे पत्र. माझी लेक, तुझी नात मनाली पनवेलला नर्सिंगचा अभ्यास करते, मी करत नाही. मी अजून नगरपरिषदेची घंटागाडीच चालवते. किती दिवस चालवीन, ते मात्र सांगता येत नाही.

आमच्या साहेबांनी, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी, गावचा कचरा ठेकेदाराला देऊन टाकला. निवडणुका नाहीत, नगरसेवक नाहीत, प्रशासकही तेच. स्वतःच ठराव मांडतात आणि स्वतःच मान डोलवतात. एक जानेवारीपासून आम्ही रोजंदारीवरचे सगळे घरी. आम्हाला हे कळलं ते शिपायाकडून, तेही तो चहा घ्यायला खाली आला म्हणून.

मग संघटनेची सभा झाली. अलिबागहून एक पुढारी आले. ते खूप बोलले, खूप चहा प्याले आणि साखळी उपोषण करा म्हणून सांगून गेले. रोज दोघांनी ऑफिससमोर मंडपात उपाशी बसायचं, बाकीच्यांनी काम करायचं, दुसऱ्या दिवशी दुसरे दोघं. मी अध्यक्ष. का, तर मीटिंगला खुर्च्या मी लावल्या होत्या.

आता गंमत ऐक. दिवस वाटायला बसलो तर बायकांनी एकजात गुरुवार मागितला. मार्गशीर्ष आहे ना! उपास असतोच, त्यातच उपोषण उरकून घ्यायचं. गुरुवार संपले तेव्हा सोमवार गेले, मग शनिवार, संकष्टी, एकादशी. एका दगडात देव आणि साहेब. राहिले रविवार, बुधवार, शुक्रवार. ते म्हावऱ्याचे वार, त्यांना कोणी हात लावेना. केसर माझ्याच गाडीवर कचरा उचलते, भारी देवभोळी बाई. ती म्हणाली की रविवारी म्हावरं सोडलं तर घरात भांडण व्हईल, आणि भांडण करून केलेला उपास देवाला पोचत न्हाय. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तुम्हा लोकांना वारच नाहीत, म्हणे, मग तुम्हाला कुठलाही चालेल.

तर सगळे रविवार माझे. रविवारी ऑफिसही बंद असतं. आम्हाला बघायला फक्त ऑफिसच्या पायरीवरचा कुत्रा, ज्याला आम्ही उपमुख्याधिकारी म्हणतो. पण साखळी आहे, एक कडी सुटली की संपलं, असं पुढारी सांगून गेलेत.

तुझ्यासाठी सुके बोंबील बाजूला ठेवलेत. मनाली बरी आहे. लोभ आहेच, थोडा जास्तीचा या महिन्यात दे.

तुझी,
राही

---

पाली,
दि. ७ डिसेंबर २०२४

चि. राही हिस,
इंदूआत्याचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली. नोकरी जायची वेळ आणि तुम्ही म्हावऱ्याचे वार मोजताय. पण खरं सांगू, मला त्या केसरचा राग आला नाही. उपास म्हणजे काय चीज आहे, हे मी घरात पाहिलंय.

तुझ्या आजीने छप्पन्न साली देव्हारा उचलून खाडीत सोडला, मागे वळून पाहिलं नाही. पण सोमवार सुटेना. देव गेला, उपास राहिला. आमच्या बाबांना वाटे, लोक काय म्हणतील. त्यांनी मुद्दाम सोमवारी मटण आणायला सुरुवात केली. आई रांधायची, सगळ्यांना वाढायची, आणि स्वतः म्हणायची की आज पोट जड आहे. वर्षभर तिचं पोट फक्त सोमवारी जड व्हायचं. शेवटी बाबाच कंटाळले, कारण मटण महाग पडत होतं. तेव्हा पोटाची सवय ठरावाने बदलत नाही, हे अध्यक्षबाईंनी ध्यानात ठेवावं.

अध्यक्ष झालीस ते मात्र मला आवडलेलं नाही. तुझे काका गिरणीतल्या युनियनमध्ये होते. ती फुटून तिच्या तीन झाल्या, आणि एकीत तर नुसता अध्यक्षच उरला, सभासद नाही. पाणी ओसरलं की उंच दगड आधी उघडा पडतो. तू मागच्या रांगेत बस म्हणायची माझी छाती नाही, कारण तू ऐकणार नाहीस. निदान पित्ताची गोळी घेऊन बस.

कडवे वाल पाठवते आहे. बिरडं कर, पण रविवारी नको. बल्लाळेश्वराला गर्दी इतकी आहे की मला दूध आणायला भाविकांच्या रांगेतून जावं लागतं, आणि लोक मला मागून घुसू नका म्हणून ओरडतात. माझा लोभ कायमचा आहे, रोजंदारीचा नव्हे.

तुझी,
इंदूआत्या

---

सुरुबंदर,
दि. १३ डिसेंबर २०२४

ती. इंदूआत्यास,
राहीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

वाल पोचले. आमची अब्रूही गावभर पोचली.

काल गुरुवार. मंडप नुसता भरून गेला होता, कारण ज्यांचा नंबर नव्हता त्याही उपाशीच होत्या. मी गाडी घेऊन बंदराकडे गेले होते. दुपारी परत येते तर मधोमध केसरचा मोठा डबा उघडा, आणि सगळ्याजणी साबुदाण्याची खिचडी खातायत. वर केळी, राजगिऱ्याचे लाडू, आणि एकीने वरीचे तांदूळ आणलेले, दाण्याच्या आमटीसकट. फलकावर मोठ्या अक्षरात 'न्याय मिळेपर्यंत उपोषण', आणि त्याच्या खिळ्याला केळ्याचा घड.

साहेबांनी खिडकीतून फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांच्या मोबाइलवर होता. आज तर साहेबांनी कामगार खात्याच्या माणसाला सांगितलं, की माझा रोजचा नाश्ता यांच्या उपोषणापेक्षा लहान असतो.

मी केसरला खूप बोलले. ती रडली, पण तिला चूक काही कळेना. तिचं म्हणणं, उपासाला चालतं तेच खाल्लं, मीठसुद्धा सैंधव घातलं होतं. देवाला जे चालतं ते सायबाला का चालू नये? आत्या, मला हसायला आलं. मग तीही हसली. मग दोघी पुन्हा रडलो.

आता ठरलंय की पाण्याशिवाय काही नाही. पण ठरवणं वेगळं, पाळणं वेगळं; खिचडीच्या आदल्या दिवशीचं ऐक. विनेश म्हणून दुसऱ्या गाडीचा चालक आहे. परवा बुधवारी त्याला बसवला, तर तो दुपारी लघवीला म्हणून गेला आणि आला तो तळलेल्या बांगड्याचा वास घेऊन. उपमुख्याधिकारी त्याचे हात चाटत होता, त्यामुळे चौकशीची गरज पडली नाही.

रविवारी मी बसले. जोडीला कोणी आलं नाही. समोरून पर्यटकांच्या गाड्या जात होत्या, आणि एकीने काच खाली करून मला मासळी कुठे चांगली मिळते ते विचारलं. मी सांगितलं.

हसून लिहिते आहे, पण मला भीती वाटते. या वयात मला कोण कामावर घेणार? मनालीचं अजून पुरं व्हायचंय. पहाटे जाग येते आणि गाडीची घंटा कानात वाजत राहते. हे मंडपात कोणाला सांगता येत नाही, म्हणून तुला.

कळावे. लोभ आहे तसाच राहू दे, त्यात ठेकेदार नको.

तुझी,
राही

---

पाली,
दि. १७ डिसेंबर २०२४

चि. राही हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

खिचडीचं वाचून इतकी हसले की कवळी काढून ठेवावी लागली. शेजारच्या नलूला वाचून दाखवलं. तिने खिचडीत दाण्याचं कूट होतं का, एवढंच विचारलं.

केसरचा प्रश्न मला बिनतोड वाटतो. तिला माझा आशीर्वाद सांग. साहेबाला खिचडी खुपलेली नाही, बाई. तुम्ही सगळ्याजणी एकत्र बसलात ते खुपलं. फोटोत त्याने डबा पाहिला, मी असते तर माणसं मोजली असती.

भीतीचं म्हणशील तर ती वाटणारच. मी शाळेत शिकवत असताना बदलीच्या नुसत्या बातमीने माझा भात करपायचा. भीती वाटते म्हणून तू बसायची थांबली नाहीस, एवढं मला पुरे आहे. पण एक सांगते. हे लोक कधी सगळं नाकारत नाहीत. ताट भरून वाढतात आणि एक काटा ठेवतात. समझोता समोर आला की तो काटा कोणाच्या घशासाठी आहे ते आधी बघ.

बोंबील अजून आले नाहीत. आंदोलन आपल्या जागी, बोंबील आपल्या जागी. माझं प्रेम गृहीत धरून चाल, पावती देत नाही.

तुझी,
इंदूआत्या

---

सुरुबंदर,
दि. २७ डिसेंबर २०२४

ती. इंदूआत्यास,
जयभीम. वि. वि.

घाईत लिहिते आहे, स्पीडपोस्टने टाकते. सोबत बोंबील आहेत.

काल समझोता झाला. गुरुवार आणि एकादशी एकाच दिवशी आल्यामुळे मंडपात उभं राहायला जागा नव्हती, आणि या वेळी कोणी पाण्याखेरीज काही घेतलं नाही. साहेबांनी मला वर बोलावलं, बसायला सांगितलं, चहा दिला. खुर्ची आणि चहा एकदम मिळाले तेव्हाच मला तुझा काटा आठवला.

ठेका राहणार. पण ठेकेदार आमच्यातल्या सगळ्यांना कामावर घेणार, भविष्य निर्वाह निधी भरणार, हातमोजे आणि बूटसुद्धा देणार. अट एकच, वय पंचेचाळीसच्या आत हवं. जुने लोक कधीच कायम होऊन गेले. आमच्यात पंचेचाळिशीपुढची मी एकटी. शिंप्याने माप घेऊन शिवावी तशी ती अट मला बसते.

नाही म्हटलं असतं तर एक तारखेला सगळेच घरी. मी सही केली.

खाली येऊन सगळ्यांना वाचून दाखवलं, अटीसकट. टाळ्या पडल्या, विनेशने मला हार घातला. मग केसरने विचारलं, की पंचेचाळीसच्या आत म्हणजे तू त्यात हायस का न्हाय. मी नाही म्हटलं. सगळे आपापल्या चपला शोधायला लागले.

मला राग आला, आत्या. मीच सही केली, मीच त्यांना वाचवलं, आणि तरी वाटलं की एकाने तरी काही म्हणावं. हार गळ्यात तसाच ठेवून घरी आले. रस्त्यात दोघांनी विचारलं की लग्न कोणाचं.

परवा रविवार. सगळं आवरलंय, आता कोणी बसायचं नाही. सकाळी ताजे बोंबील आणून तळणार आहे, पोटभर खाणार आहे. मंडपातली सतरंजी माझी आहे, तेवढी घेऊन येईन.

लोभ असू दे. आज तो मागून घेते आहे.

तुझी,
राही

---

सुरुबंदर,
दि. ३१ डिसेंबर २०२४

ती. इंदूआत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

रविवारी ठरल्याप्रमाणे बोंबील तळले. पानात घेतले, आणि म्हटलं आधी सतरंजी आणावी, नाहीतर कोणी पळवेल. तर मंडपात सगळे बसलेले.

सगळे म्हणजे सगळे. घरी नवऱ्याचे पाहुणे आणि टोपलीत न शिजवलेलं म्हावरं टाकून केसर पुढे बसली होती. विनेश सकाळपासून एकदाही लघवीला उठला नव्हता. डबा नाही, केळं नाही. ऑफिसला कुलूप. बघायला फक्त उपमुख्याधिकारी, आणि तोही झोपलेला. सकाळी गाड्यासुद्धा निघाल्या नव्हत्या.

मी चिडले. म्हटलं, सही झाली, तुमच्या नोकऱ्या राहिल्या, आज रविवार, इथे काळं कुत्रं बघत नाही, मग हे कोणाला दाखवताय? केसर म्हणाली,

"तू बसलीस तवा तरी कोन बघत होतं?"

मी सतरंजीवर त्यांच्यात जाऊन बसले. घरचे बोंबील मांजराने खाल्ले.

सोमवारी ठेकेदाराचा माणूस आमची नावं नोंदवायला अंगठ्याचं मशीन घेऊन आला. एकानेही अंगठा लावला नाही. साहेब आले, मंडप बघून थबकले आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघून आले. सोमवती अमावस्या. म्हणाले, की आज अमावस्येचा आहे, पण कालचा कसला उपास होता? केसरने सांगितलं की कालचा राहीचा होता.

इकडे थर्टीफर्स्टची गर्दी. नागावपासून मुरुडपर्यंत म्हणे एक खोली रिकामी नाही, आणि आमच्या गावात दोन दिवसांचा कचरा रस्त्यावर. कोलंबीची सालं दोन दिवस उन्हात राहिली की वासाने माणसाला देव आठवतो. दुपारपर्यंत लॉजवाले एकेक करून साहेबांकडे आले, नाकाला रुमाल लावून. संध्याकाळी कागद नव्याने टाइप झाला, त्यात वयाची अट नव्हती. सगळ्यांनी वाचला, मग मी सही केली.

तेव्हा उद्यापासून मी ठेकेदाराची नोकर. कायम होणं दूरच, हा ठेकाही उद्या दुसऱ्याला जाईल आणि पुन्हा मंडप घालावा लागेल. पण उद्या सकाळी गाडी मी काढणार आहे. मनालीला फोनवर सांगितलं तर ती रडली, आणि मग म्हणाली की मांजराला बोंबील देऊन तू वाया घालवलेस.

तुझा लोभ पोचला असं समजते.

तुझी,
राही

---

पाली,
दि. ३ जानेवारी २०२५

चि. राही हिस,
भरभरून आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

तुझं सत्तावीसचं पत्र बोंबलांसकट शनिवारीच हातात पडलं होतं. ते वाचल्यावर तुला लिहायला बसले, पण शब्द सुचेना. चाळीस वर्षं मुलांना निबंध शिकवले, आणि तुला द्यायला माझ्याकडे एक ओळ नव्हती.

रविवारी नलूने बोंबलांचं कालवण करून दिलं, चिंच घालून, मला आवडतं तसं. पान वाढून घेतलं, आणि घास काही उचलेना. तुम्ही सगळे तिथे बसलात हे मला तेव्हा कुठे ठाऊक! मी नलूला सांगितलं, की आज पोट जड आहे. आणि बोलल्याबरोबर मला आईचा आवाज ऐकू आला, कानात यंत्र नसताना.

जन्मात कधी उपास केला नव्हता. तो माझ्याकडून घडला, तुझ्यासाठी. केसरला सांग, तुमच्या साखळीत पालीची एक कडी होती.

खोटं मात्र बोलणार नाही. संध्याकाळी एक बोंबील खाल्ला. कालवण होतं गं, दुसऱ्या दिवशी राहिलं नसतं.

लोभ आहे, आणि बोंबील संपले आहेत.

तुझी,
इंदूआत्या