ओरखडे पडलेला तुकडा

प्रिय मास्तरीणबाई,

मुलांच्या वह्या बाजूला सार आणि हे पत्र सावकाश वाच. बातमी मोठी आहे आणि ती आधी माझ्याकडूनच कळावी असा माझा हट्ट आहे. आपला डिटेक्टर चालला! नुसता चालला नाही, स्फटिकाच्या नेहमीच्या तुकड्याच्या अडीचपट सिग्नल देतोय. मी तीनदा मोजलं, मग सरांनी स्वतः मोजलं. कुणाला शंका असेल तर खुशाल यावं, मी पुन्हा मोजून दाखवते.

आणि तुकडा कुठला? तू पॉलिश केलेला, मागच्या बाजूला ओरखडे पडलेला, दोन वर्षांपूर्वी बाद म्हणून डबीत टाकलेला. आठवतं ना, आपलं रडगाणं एकच होतं: उष्णतेचा तो न दिसणारा प्रकाश समोरून सरळ आला, की केसाहून हजारो पटींनी पातळ अशा आपल्या क्वांटम वेलच्या थरांमधून आरपार निघून जायचा. तिरका शिरला तरच पकडला जायचा, म्हणून आपण तासन्‌तास कडा तिरक्या घासत बसायचो. पंधरवड्यापूर्वी चांगले तुकडे संपले, म्हणून हाताला लागला तो चिकटवला, द्रव नायट्रोजनने गार केला आणि आकडा बघून आधी यंत्रालाच शिव्या घातल्या. पण यंत्र बिचारं बरोबर होतं. सरळ आलेला प्रकाश त्या ओरखड्यांवर आपटून वेडावाकडा उधळतो, आतल्या आत फिरत राहतो आणि थरांच्या तावडीत सापडतो. त्यानंतर नवे तुकडे आले, तेव्हा मी मुद्दाम ओरखडे पाडून पाच तुकडे केले. पाचही तसेच चालतात.

सर तर हवेत आहेत. असल्या हातांनी तुकड्यांना शिवू नये, असं सगळ्यांसमोर तुला सुनावणारे तेच सर आता तुझ्या हाताचे गोडवे गात फिरतायत. सोमवारी ते तुला फोन करून परत बोलावणार आहेत. आणि तू नाही म्हणणार, हे मला पक्कं माहीत आहे. तुझी आई भेटली होती. सुईत दोरा ओवायलाही तू आता तिच्याकडेच देतेस, म्हणाली. ते ऐकून मला घरी येऊन जेवण गेलं नाही.

म्हणून हे पत्र. पॉलिशच्या बारीक पुडीच्या बाटलीत जाड पूड मी भरली होती. पॉलिश तू केलंस, पण बाटली माझी चुकली. दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं. मी बाटली धुऊन टाकली आणि मूग गिळून बसले, कारण तेव्हा माझी नोकरी कायम व्हायची होती. तू राजीनामा लिहीत होतीस आणि मी शेजारी बसून तुझी समजूत काढत होते, याची मला अजून लाज वाटते. आज सकाळी सरांना हे सगळं लेखी दिलंय. ते काय करायचं ते करतील. तू माझ्यावर रागाव, हवं तर बोलूही नकोस, पण सोमवारी फोन उचल. तुझा हात त्या दिवशीही चुकला नव्हता.

तू म्हणशील तर अजूनही तुझीच,
बडबडी