उभ्या बग्ग्या

गुरुवार, ९ ऑक्टोबर
नात उजवली! माझी व्हर्ना! पाय सुजलेत, पण लिहिल्याशिवाय चैन पडायची नाही. पहाटेपासून बग्ग्याच बग्ग्या – मागचं शेत भरून गेलं. लग्नाच्या पंगतीला सेलरीची भाजी पुरेल का म्हणून माझा जीव टांगणीला, आणि उरली की ढीगभर!

सगळे पाहुणे येऊन बसल्यावर बघते तर टेकडीखाली रस्त्याकडेला एक नारिंगी जाकीटवाला खुर्ची टाकून बसला होता. म्हटलं, "काय मोजताय?" "रस्त्यानं काय काय जातं ते, आजी. मोटारी, सायकली, बग्ग्या, चालणारी माणसं." लग्नघरासमोर उपाशी कसा ठेवायचा? चिकन, बटाटे, सफरचंदाची पाई – ताट भरून दिलं. पाहुणे हलायच्या आधीच गेला बिचारा.

मंगळवार, १४ ऑक्टोबर
डार्लीन आली. आम्हा आमीश लोकांत मोटार ठेवत नाहीत; बाजाराला तीच तिच्या मोटारीतून नेते. म्हणाली, टाउनशिप, म्हणजे इथली पंचायत, रस्ते रुंद करणार. कडेला वेगळा पट्टा – बग्ग्यांना, सायकलींना, शाळेत चालत जाणाऱ्या पोरांना. मी तिला मिठीच मारली! व्हर्ना आता टेकडीपलीकडे राहते, रोज इकडे धारा काढायला येते. चढ संपेपर्यंत समोरचा ट्रक दिसत नाही हो तिथे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
रुंदीकरणातून आमची टेकडी गाळली! डार्लीननं टाउनशिपचा कागद वाचून दाखवला – 'या चढावरून आमीश बग्ग्या जवळजवळ जातच नाहीत.' जात नाहीत? मग डोक्यात उजेड पडला. मोजणी लग्नाच्या दिवशी! अख्खा समाज माझ्या शेतात जेवत होता. आणि मोजणाऱ्याला पाई खाऊ घालणारी मीच!

माझा नवरा एनोस म्हणाला, "सरकारकडे आपण मागायला जात नाही."
"मागायचं नाही हो, नुसतं सांगायचं."
"तेही नाही."

शनिवार, ८ नोव्हेंबर
ट्रकनं व्हर्नाची बग्गी घासली. चाक मोडलं. पोरगी वाचली.

सोमवार, १० नोव्हेंबर
एनोस चाक दुरुस्त करतोय. पहाटेपासून गोठ्यात हातोड्याचे ठोके. मी डार्लीनबरोबर टाउनशिपच्या ऑफिसात गेले. न विचारता! तोच जाकीटवाला भेटला.
"अहो, शेतभर बग्ग्या दिसल्या नाहीत तुम्हाला?"
"दिसल्या ना, आजी. पण उभ्या होत्या. मला चालत्याच मोजायच्या असतात."
त्या दिवशी लग्न होतं, ते सांगितलं. माणूस चांगला. एकोणीस तारखेला, बुधवारी, पुन्हा मोजतो म्हणाला. बुधवारी आमच्यात लग्नं नसतात.

घरी येऊन सगळं सांगितलं. एनोस रागावला नाही. एवढंच म्हणाला, "कुणाला कळवू नकोस. सोंग नको. जे एरवी जातात तेच जाऊ देत." घोडा विकताना आधी त्याचा दुखरा खूर दाखवणारा माणूस हा! नाही कळवलं कुणाला.

बुधवार, १९ नोव्हेंबर
सकाळपासून पिरपिर पाऊस, वर बोचरी थंडी. व्हर्ना तेवढी येऊन गेली. बाकी कुणी फिरकेना. जाकीटवाला छत्रीखाली कुडकुडतोय. आजची मोजणी हुकली म्हणजे पट्टा गेलाच. कॉफी पाठवली त्याला. पाई नाही पाठवली!

जेवण झालं आणि एनोसनं घोडा जोडला.
"एवढ्या पावसात कुठे?"
"व्हर्नाकडे हातोडा राहिलाय."
गेला, आला. पुन्हा निघाला.
"आता काय?"
"तो आणायचा विसरलोच की."
दुपारभर हेच. घोडासुद्धा माझ्याकडे वळून बघायला लागला. म्हटलं, म्हातारा चळला.

गुरुवार, २० नोव्हेंबर
सकाळी गोठ्यात गेले. हातोडा खुंटीला होता. चाक बसवल्यापासून तिथेच.