रुमालाखालचा भाव

४ ऑगस्ट
माझ्या भाजीच्या टेम्पोची काच फुटली. म्हणजे फोडली. तिसगावच्या फाट्यावर चार जणांनी आधी दगड घातला, मग क्रेट रस्त्यावर ओतून टोमॅटोवर नाचले. रफिक ड्रायव्हर मध्ये पडला, त्याच्यावरही नाचले. मी पोचले तेव्हा तो लालभडक. वाटलं निम्मं टोमॅटो असेल. पुसल्यावर कळलं, टोमॅटो कमीच होता.
भुवईला टाके पडताना विचारतो, "ताई, गिऱ्हाइकांना काय सांगायचं?"
नगरला सावेडीच्या सोसायटीला कळवलं: आज भाजी नाही, ड्रायव्हरला मारलंय. ग्रुपवर उत्तरं आली. चार रडके चेहरे, दोन जोडलेले हात, आणि "कोथिंबीर तरी?"

५ ऑगस्ट
कुणी केलं ते अख्ख्या तिसगावला माहीत. आप्पा, भाजीचा दलाल. म्हणतो, माकडं असतील. माकडं हॉकी स्टिक घेऊन फिरतात हे नवीन.
त्याचा राग टेम्पोवर नाही, पाटीवर आहे. नगरचं हॉटेल आज भेंडीला काय देतंय, सोसायटी काय देतेय, ते मी टेम्पोवरच्या पाटीवर खडूने लिहिते. येणारा-जाणारा वाचतो. आप्पाकडे भाव रुमालाखाली ठरतो. दोन हात आत, जितकी बोटं दाबली तितका भाव, बाहेर कुणाला पत्ता नाही. आणि बाईच्या हातात हात देत नाहीत. मर्यादा!
जनाक्काची भेंडी तिच्या रानातली, तिनेच तोडलेली, पण रुमालाखाली हात दिराचा. "माल माझा, घाम माझा अन भाव दिराच्या बोटात. घरी येऊस्तवर त्यातली दोन बोटं त्यो पिऊन टाकायचा." आता माल मला देते. पाटी स्वतः वाचते. एकेक अक्षर बोटाने दाबत, जणू पळून जाईल.

७ ऑगस्ट
आप्पाचा निरोप: "ताई, बाजारात या, बसून मिटवू." जनाक्का म्हणाली, जाऊ नका. मी जाणार. पेपरातलं माझं उपहासाचं सदर बंद झाल्यापासून चावायला कुणी मिळालं नव्हतं.

११ ऑगस्ट
डाव्या हाताने लिहितेय. कोंबडीचे पाय.
आज सकाळच्या बाजारातलं. ओट्याभोवती सगळा बाजार. आप्पा: "बाईला हात देत न्हाई म्हन्ता ना? घ्या, देतो." रुमाल टाकला. मी हौसेने हात घातला. मूर्ख.
तो हसून माझ्या नवऱ्याची चौकशी करत होता. "सायेब बरे हायेत ना? शुगर काय म्हन्ती त्यांची?" आणि आत माझी करंगळी मागे, मागे. मग तिच्या शेजारचं बोट. किंचाळले. तो लोकांकडे वळून म्हणाला, "ताईंना भाव पटला न्हाई वाटतं."
सगळे हसले. माझ्याकडून भाजी घेणारा चहावालासुद्धा.
दोन बोटं. माझा पहिला सौदा.

१२ ऑगस्ट
हवालदार आले. "कुणी पाहिलं?" सगळ्यांनी पाहिलं. रुमाल पाहिला. पिवळा, लाल काठाचा. रंगाबद्दल संपूर्ण एकमत.
जनाक्का पुढे झाली. "म्या ऐकलं. भेंडीचं टोक मोडल्यावानी. दोनदा."
"मावशी, नुसतं ऐकलेलं लिहून काय करू?"
"नका लिहू. मी सांगत फिरते."
आणि फिरली. बाजारभर, आप्पाच्या ओट्यापुढूनसुद्धा.
हॉटेलमालकाचा फोन: "ताई, काळजी घ्या, हाताला जपा. रविवारी भेंडी जास्त लागेल."

१६ ऑगस्ट
जनाक्काचं रान. भरात आलेली भेंडी बुडापासून कापून ओळीने निजवलेली. ओळीच्या शेवटी तिचं कुत्रं. डोकं ठेचलेलं. तोंडात खडू कोंबलेला.
उपहास मला जमतो, अशी माझी समजूत होती.
जनाक्का रडली नाही. कुत्र्याला पुरलं, हात धुतले. बांधाकडची थोडी झाडं वाचली होती, त्यांची भेंडी तोडायला लागली. मी म्हटलं, अक्का, आज राहू दे. म्हणाली, "झाडाला काय म्हाईत, आज काय झालंय ते."

१७ ऑगस्ट
रफिकने नवी काच बसवली. उद्या तिसगावचा बाजार. टेम्पो जाणार, पाटी लागणार. आमचं दोघांचं ठरलं होतं. जनाक्काचं वेगळंच.
"उद्या आप्पाला म्या हात देनार. माझ्या मालाचा हात माझा."
"चाची, बोटं मोडंल तो," रफिक म्हणाला.
"मोडू दे. दुसरा हात मोकळा हाय की."
तेव्हा अर्थ लागला नाही. संध्याकाळी तिच्या अंगणात क्रेट भरताना भेंडीखाली काही चमकलं. कोयता. नुकती धार लावलेला, अजून ओला. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या हाताच्या प्लास्टरकडे बघत होती.
काढून घ्यायला हवा होता. हवालदाराला फोन करायला हवा होता, म्हणजे त्याने विचारलं असतं, "कुणी पाहिलं?"
जाऊ दे.
ओलं पोतं आणलं. क्रेटवर पसरलं, चारी कोपरे खोचले. डाव्या हाताने वेळ लागला.
उद्या कुणी विचारलंच, तर मी पोतं पाहिलं.