कोरा चौकोन

ता. ३, सोमवार
आले एकदाची! नातीचं घर झकास आहे. दोन खोल्या, वर पत्रा, पुढे अंगण. आजूबाजूला सगळी दलदल, मधून एक बारीक सडक. हिची नोकरी म्हणजे कॉम्प्युटरवर अख्खा मुलूख चौकोन-चौकोन करून भरायचा. आधी गावाएवढे चौकोन, मग अंगणाएवढे, मग बसायच्या पाटाएवढे. कुठे पाणी वाढेल, कुठे झाडं, ते म्हणे यंत्र सांगतं. म्हटलं, एवढं शिकून शेवटी भरतकामच करतेस की. खूप हसली. वही तिनंच दिली. माझं अक्षर चौथीतलं, पण लिहितेय.

ता. ५, बुधवार
आज अंगणाएवढे चौकोन. पडद्यावर आमचं घर शोधलं, तर तिथे दलदल! म्हणाली, घर ना झाड ना पाणी, म्हणून तो चौकोन कोरा सोडला. कोरा दिसला की यंत्र शेजारचे चौकोन बघतं आणि तसाच भरून टाकतं. सगळेच असं करतात म्हणे. म्हटलं, बये, राहतं घर कोरं सोडतात का? तिनं डोळे फिरवले.

ता. ६
अंगण गेलं. सकाळी कपडे वाळत घातले, दुपारी तिथे कमरेएवढं लव्हाळं. नात म्हणते, झरा फुटला असेल. झरा लव्हाळं घेऊन येतो होय?

ता. ७
सडकही नाही. ती चौकोनाहून बारीक, म्हणून घातलीच नव्हती. हिच्या कचेरीतले फोनवर म्हणतात, काम मोठ्या यंत्रावर सुरू झालं की मधे थांबत नाही. होडी परवा पाठवतील. परवा!

ता. ८
पाटाएवढे चौकोन. स्वयंपाकघराची फरशी दबते, पाट-पाट करून जातेय. नातीनं घाईघाईनं घर भरलं — भिंती, दार, फरशी. फरशी दबायची थांबली. मी विचारलं, आणि आपण दोघी?
पोर पांढरी पडली. चौकोनात काय काय भरायचं त्या यादीत माणसांना रकानाच नाही.

ता. ९, दुपार
तळहाताएवढे चौकोन. ओळीनं भरत येतंय. आधी तिची खुर्ची, मग माझी. तिचे पाय घोट्यापर्यंत हिरवे, गार. ओढायला गेले तर चिखल हातात आला. म्हणते, दुखत नाही गं आजी. तेच वाईट.

गुडघ्यापर्यंत.
होडी दिसत नाही.

यंत्र शेजार बघून भरतं ना? मग मी बसते शेजारी. चिकटून. बघ म्हणावं, इथे माणूस आहे —

तिचा उजवा हात राहिला. हातच राहिला! पण त्यावर सुरकुत्या — माझ्या. नखं माझी. असू दे. गरम आहे.

तिच्या डाव्या अंगाला पाणीच. तिकडून खांद्याला लव्हाळं — तिला एका हातानं धरून पुरत नाही. दुसऱ्यात ही पेन्सिल —
खड्ड्यात गेली वही. हा हात तिच्या भोव