पिळलेली चिती कोणाला द्यावी

मी, सुरेखा बद्रीनाथ जंजाळ, वय ७२, निवृत्त शिक्षिका, राहणार हर्सूल, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून, कोणाच्याही दबावाशिवाय लिहिते. दबाव आणायला घरात कोणी उरलेलंही नाही.

१. हर्सूलचं दोन खोल्यांचं घर व बँकेतली ठेव मुलगी तनुजा हिला. भिंतींना गुलाबी रंग देऊ नये. ही विनंती आहे, अट नाही.

२. फळ्यावरचा मोठा कंपास पुतण्या ऋतुराज याला. तो इंजिनिअर आहे, वर्तुळ काढायलाही मोबाइल लागतो.

३. यजमानांनी सागवानात कोरलेली पिळलेली चिती, म्हणजे प्रिझम, आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक सर्जेराव निकम यांना. त्यांनी ती कापून दाखवावी. कारण असं: सरळ त्रिकोणी चितीच्या तीन त्रिकोणी सूची, म्हणजे पिरॅमिड, होतात, आठवीतली पोरंही कापून दाखवतात. पण वरचा त्रिकोण तीस अंश पिळून बाजू आत दुमडल्या, तर नुसत्या सहा कोपऱ्यांवरून कापून तिच्या सूची पडत नाहीत. न जोडलेले कोणतेही दोन कोपरे जोडा, रेघ अंगाबाहेरून जाते. जानेवारी १९९८ मध्ये पिशोरला आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात शाडूच्या चितीखाली मी हेच लिहिलं होतं. सर्जेराव पाहुण्यांसमोर म्हणाले, "लई झालं बाई. कापता येत नाय असं काय असतं? आणा सुरी." चौदा काप केले. एकही सूची धड निघाली नाही. मग म्हणाले, "तुमची मातीच कच्ची." जूनपासून माझं गणित काढून मला शिवणकाम दिलं. निवृत्तीपर्यंत तेरा वर्षं मी काज-बटण शिकवलं. यजमानांनी त्याच उन्हाळ्यात ही दुसरी चिती कोरली. म्हणाले, "आता म्हणा कच्ची."

४. दुरुस्ती, आजचीच. दुसरा साक्षीदार मिळेना, म्हणून मागच्या गल्लीतून सर्जेरावांनाच बोलावलं. त्यांनी कलम तीन वाचलं. चिती मांडीवर घेऊन तासभर कोपऱ्याकोपऱ्याला दोरा लावत बसले. मग म्हणाले, "बाई, हे मला तिथंच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"पाहुण्यांसमोर चौदा काप झाले होते. माघार कुठं घेऊ?"

मी चहा ठेवला.

वकील म्हणतात, साक्षीदाराला काही ठेवू नये, पुढं वाद होतो. सर्जेराव म्हणाले, "मला नको. सही करतो." सबब चिती तनुजाला. कलम तीनमधलं कारण मात्र खोडलेलं नाही.

ठिकाण: हर्सूल. दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५.

सही: सुरेखा बद्रीनाथ जंजाळ

साक्षीदार:
१. शीला रामप्रसाद वाघ, शेजारीण
२. सर्जेराव निकम. वरील सर्व मजकूर वाचला. बाईंचं बरोबर आहे.